अदिश क्षेत्र, द्रायू आणि गुरुत्वाचे तापमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांना व्यापक सापेक्षता शिकवताना अदिश क्षेत्रांचा विषय निघाला की काही प्रश्न दरवर्षी हटकून येतात. क्षेत्राला घनता आणि दाब कसे असू शकतात, गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताला तापमान कसे असेल, आणि ही सगळी केवळ उपमा आहे की तिच्यातून काही नवे हाती लागते, असे हे प्रश्न असतात. फळ्यावर दिलेली उत्तरे पुसली जातात आणि पुढच्या तुकडीला ती पुन्हा द्यावी लागतात, म्हणून ती येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. वाचकाला सापेक्षतेची प्राथमिक ओळख आहे असे गृहीत धरले आहे. समीकरणे शक्य तेथे शब्दांत मांडली आहेत आणि प्रकाशाचा वेग एक मानला आहे.

अदिश क्षेत्र म्हणजे काय, आणि गुरुत्वाच्या सिद्धांतात ते कशासाठी आणतात?

अवकाशकालाच्या प्रत्येक बिंदूला एकच संख्या जोडली, आणि निरीक्षक बदलला तरी ती संख्या बदलली नाही, तर ते अदिश क्षेत्र होय. मे महिन्यातल्या दुपारी सोनेगाव, सीताबर्डी आणि कामठी या तीन ठिकाणचे हवेचे तापमान नकाशावर मांडले, तर प्रत्येक ठिकाणी एक आकडा येतो. वारा मांडायचा झाला तर आकड्यासोबत बाणही काढावा लागतो. पहिला नकाशा अदिश क्षेत्राचा आहे, दुसरा सदिश क्षेत्राचा.

आइन्स्टाइनच्या सिद्धांतात गुरुत्वाचे वर्णन अवकाशकालाच्या वक्रतेने होते आणि न्यूटनचा स्थिरांक सर्वत्र सारखाच राहतो. १९६१ मध्ये कार्ल ब्रान्स आणि रॉबर्ट डिकी यांनी, पास्कुआल जॉर्डन यांच्या आधीच्या कामाचा धागा धरून, या स्थिरांकाच्या जागी एक अदिश क्षेत्र ठेवले. या क्षेत्राला पुढे ‘फाय’ म्हणू. फाय जितके मोठे, तितके त्या ठिकाणी गुरुत्वाकर्षण दुबळे. सिद्धांतात ‘ओमेगा’ नावाचा एक शुद्ध अंक आहे. तो फार मोठा झाला की पदार्थाला फायची हालचाल घडवून आणणे अवघड होते आणि सर्वसाधारणपणे आइन्स्टाइनचा सिद्धांत परत मिळतो. अशा सिद्धांतांना अदिश-प्रदिश सिद्धांत म्हणतात; प्रदिश म्हणजे वक्रतेसारखी अनेक घटकांनी मांडावी लागणारी राशी. वक्रतेचे फल (फंक्शन) घेऊन बनवलेले सिद्धांतही गणिताने याच कुळात बसवता येतात. आलेक्सेई स्टारोबिन्स्की यांनी १९८० मध्ये विश्वाच्या आरंभकाळासाठी मांडलेले प्रारूप त्यातलेच.

क्षेत्र हे काही वाहणारे पाणी नव्हे. मग त्याला द्रायू, म्हणजे द्रव किंवा वायूसारखा वाहणारा पदार्थ, म्हणण्याला आधार काय?

आधार ऊर्जा-संवेग प्रदिशाचा आहे. गुरुत्वाला पदार्थ ‘दिसतो’ तो त्याच्या रासायनिक घडणीमुळे नव्हे, तर ऊर्जेची घनता, दाब, ऊर्जेचा प्रवाह आणि ताण या राशींमुळे. या सगळ्या राशी एकाच प्रदिशात मांडलेल्या असतात. दोन वेगळ्या गोष्टींचे प्रदिश एकाच आकाराचे असतील, तर अवकाशकाल त्या दोहोंना सारखाच वाकेल.

आता फाय या क्षेत्राची प्रवणता घ्या, म्हणजे ते कोणत्या दिशेने किती झपाट्याने बदलते ते पाहा. ही प्रवणता कालसदृश असेल, म्हणजे तिच्यात अवकाशापेक्षा काळाचा वाटा मोठा असेल, तर तिला तिच्याच मापाने भागून एकक लांबीचा सदिश मिळतो, आणि तो एखाद्या निरीक्षकाच्या चतुर्वेगासारखा वापरता येतो. त्या निरीक्षकासोबत चालणाऱ्याला क्षेत्र फक्त काळानुसार बदलताना दिसते. त्याच्या आसपासच्या अवकाशात ते सगळीकडे सारखे असते. हाच आपल्या द्रायूचा वेग. साध्या क्षेत्रासाठी या निरीक्षकाने मोजलेली घनता म्हणजे गतिज ऊर्जा अधिक स्थितिज ऊर्जा, आणि दाब म्हणजे गतिज ऊर्जा उणे स्थितिज ऊर्जा. उष्णतेचा प्रवाह शून्य आणि श्यानता, म्हणजे प्रवाहातले अंतर्गत घर्षण, शून्य. हा तंतोतंत आदर्श द्रायू आहे, आणि तो मिळवताना कुठलीही राशी लहान म्हणून वगळावी लागत नाही.

या दोन सूत्रांतून बरेच काही बाहेर येते. स्थितिज ऊर्जा मुळीच नसेल तर दाब घनतेइतका होतो, आणि असा ‘ताठ’ द्रायू विश्व प्रसरण पावताना प्रारणापेक्षाही लवकर विरळ होतो. उलट क्षेत्र जवळजवळ स्थिर असेल तर दाब घनतेइतकाच पण ऋण होतो, आणि असा द्रायू विश्वस्थिरांकासारखा वागतो. एकच क्षेत्र आपल्या चालीनुसार ही दोन्ही रूपे घेऊ शकते, म्हणून कृष्णऊर्जेच्या, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या ऊर्जेच्या, अभ्यासात त्याचा इतका आधार घेतला जातो.

दाब ऋण असेल तर असा द्रायू आपोआप गोळा होऊन कोसळत का नाही?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी नीट विचार करत असतो. हवेसारख्या द्रायूत ध्वनीच्या वेगाचा वर्ग म्हणजे घनतेनुसार दाब बदलण्याचा दर. दाब घनतेच्या उणे ०.९ पट असेल आणि नेहमी तसाच राहत असेल, तर वेगाचा वर्गही उणे ०.९ येईल. त्याचा अर्थ असा की लहानसा क्षोभ लाट होऊन पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी भराभर वाढेल, आणि असा द्रायू विश्वात टिकणार नाही.

अदिश क्षेत्राची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचा दाब केवळ घनतेवर अवलंबून नसतो. तीच घनता गतिज आणि स्थितिज ऊर्जेच्या वेगवेगळ्या वाटण्यांतून मिळू शकते आणि प्रत्येक वाटणीला दाब वेगळा असतो. क्षोभाचे गणित मांडले की साध्या क्षेत्रातील क्षोभ प्रकाशाच्या वेगाने पसरतात असे दिसते, मग पार्श्वभूमीचा दाब कितीही ऋण असो. त्यामुळेच अशी कृष्णऊर्जा दीर्घिकांभोवती गोळा होत नाही. द्रायूची उपमा वापरताना पहिली गल्लत होते ती येथेच: घनता आणि दाब हे शब्द आले की आपण हवेचे सगळे नियम नकळत सोबत आणतो. २००० च्या सुमारास मांडल्या गेलेल्या काही सिद्धांतांत दाब हा गतिज ऊर्जेचे अधिक गुंतागुंतीचे फल असतो; तेथे ध्वनीचा वेग प्रकाशापेक्षा कमीही येतो, आणि दाब त्या एकाच राशीवर अवलंबून असेल तर द्रायू खरोखरच हवेसारखा वागतो.

या द्रायूत भोवरे उठतात का?

नाही. ज्याचा वेग एखाद्या अदिश राशीच्या प्रवणतेच्या दिशेने असतो, त्या प्रवाहात परिवलन नसते. पदवीच्या गणितात प्रवणतेचे कुंतल (कर्ल) शून्य असते, त्याचेच हे रूप.

‘आदर्श’ द्रायू कुठे संपतो आणि उष्णता कुठे सुरू होते?

साधे क्षेत्र गुरुत्वाशी थेट गुंतलेले नसते. ते कोणत्याही पदार्थाप्रमाणे गुरुत्वाचा स्रोत असते एवढेच. ब्रान्स-डिकी सिद्धांतात मात्र फाय वक्रतेलाच गुणलेले असते. समीकरणाची मांडणी अशी करता येते की डाव्या बाजूला फक्त आइन्स्टाइनचा वक्रता-प्रदिश राहील, आणि फायची उरलेली सर्व पदे उजवीकडे जाऊन एका ‘परिणामी’ पदार्थाचे रूप घेतील. उजवीकडे गेलेल्या या पदांत फायची दुसरी विकलने असतात, आणि सगळा फरक त्यांनी पडतो. १९८९ मध्ये लुइस पिमेंटेल यांनी दाखवले की या परिणामी पदार्थाचा प्रदिश आदर्श द्रायूचा नसून अपूर्ण द्रायूचा आहे. त्यात घनता व दाब यांच्याबरोबर उष्णतेचा प्रवाह आणि श्यान ताणही आहेत.

प्रवाहाच्या वेगाचे विकलन घेतले की तीन गोष्टी निघतात: प्रवाहाचे आकारमान वाढण्याचा दर, आकार बिघडण्याचा दर आणि त्वरण. फायची दुसरी विकलने या तिघांत विभागली जातात. त्यातला आकार बिघडण्याचा भाग श्यान ताण देतो, आणि त्वरणाचा भाग उष्णतेचा प्रवाह देतो. शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढच्या उत्तराचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

गुरुत्वाच्या सिद्धांताला तापमान कसे जोडले गेले?

घरातल्या अनुभवाने उष्णता तापलेल्या बाजूकडून थंड बाजूकडे जाते. सापेक्षतेत एवढे पुरत नाही. १९४० मध्ये कार्ल एकार्ट यांनी सापेक्ष द्रायूंसाठी उष्णतावहनाचा नियम लिहिला, त्यात तापमानाच्या प्रवणतेसोबत दुसरे पद आहे: तापमान गुणिले त्वरण. उष्णता ही ऊर्जा आहे आणि ऊर्जेला जडत्व असते, म्हणून द्रायूला त्वरण असेल तर सगळीकडे तापमान सारखे असूनही उष्णता वाहू शकते.

याची दुसरी बाजू रिचर्ड टोलमन यांनी १९३० मध्येच दाखवली होती. गुरुत्वात स्थिर असलेल्या द्रायूचा खरा औष्णिक समतोल म्हणजे सगळीकडे सारखे तापमान नव्हे. खालचा भाग वरच्यापेक्षा किंचित अधिक तप्त असावा लागतो, तेव्हाच प्रवाह थांबतो. पृथ्वीवर हा फरक किती? गुरुत्व त्वरणाला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागले की दर मीटरमागे दहाच्या उणे सोळाव्या घाताइतका सापेक्ष बदल येतो. उन्हाळ्याच्या रात्री दहा मीटर उंचीच्या गच्चीवर आणि तळमजल्यावर, हवा पूर्ण समतोलात आहे असे मानले तर, हा फरक केल्व्हिनच्या दहा लाख कोटी भागांपैकी सुमारे तीन-साडेतीन भाग एवढाच भरेल. गच्चीवर झोपणाऱ्या नागपूरकराला जो फरक जाणवतो त्याची कारणे अर्थातच निराळी आहेत.

आता दोन समीकरणे शेजारी ठेवा. एकार्टचा नियम सांगतो की तापमानाची प्रवणता नसताना उष्णतेचा प्रवाह म्हणजे उणे वहनांक (उष्णता किती सहज वाहते याचे माप) गुणिले तापमान गुणिले त्वरण. अदिश-प्रदिश सिद्धांताचा परिणामी द्रायू सांगतो की उष्णतेचा प्रवाह म्हणजे उणे एक विशिष्ट राशी गुणिले त्वरण. दोन्हींचा साचा एकच आहे. २०२१ मध्ये व्हालेरियो फराओनी आणि आंद्रेआ जुस्ती यांनी हे साम्य गांभीर्याने घेऊन ती राशी वहनांक आणि तापमान यांच्या गुणाकाराशी जुळवली. हा गुणाकार म्हणजे फायच्या प्रवणतेचे माप भागिले फाय, आणि छेदात आठ पाय (8π) हा नेहमीचा गुणांक. सोप्या भाषेत, फाय टक्केवारीने किती वेगाने बदलते आहे याचे ते माप आहे.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. दोन समीकरणांचे रूप जुळले म्हणून भौतिकी जुळते असे होत नाही, आणि एकार्टचा नियम येथे लागू पडेलच असे मानण्याचे कारणही नव्हते. पण पदे एकेक करून स्वतः काढली तेव्हा कळले की कुठेही ओढाताण नाही. तापमानाच्या प्रवणतेचे पद आपोआप गळते आणि उरते ते नेमके जडत्वाचे पद.

मग ‘शून्य तापमान’ म्हणजे काय?

फाय स्थिर असेल तर त्याची प्रवणता शून्य, म्हणून वर सांगितलेला गुणाकारही शून्य, आणि फाय स्थिर असणे म्हणजेच आइन्स्टाइनची व्यापक सापेक्षता. या वर्णनात आइन्स्टाइनचा सिद्धांत ही समतोलाची, शून्य तापमानाची अवस्था ठरते आणि अदिश-प्रदिश सिद्धांत हे तापलेल्या अवस्था ठरतात. तापमान येथे एका सिद्धांतापासून दुसरा किती दूर आहे ते सांगते, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचे सार्थक यातच आहे. त्याआधी ‘आइन्स्टाइनच्या जवळ’ हे शब्द आपण सढळपणे वापरत असू, पण त्यामागे मोजण्याजोगी आणि काळानुसार बदलणारी राशी नव्हती.

हे तापमान तापमापीने मोजता येईल का? ते हॉकिंगच्या तापमानासारखे आहे का?

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. सिद्धांत फक्त वहनांक आणि तापमान यांचा गुणाकार देतो. दोहोंना वेगळे करण्याचा मार्ग त्यात नाही. शिवाय येथे प्लांकचा स्थिरांक कुठेही येत नाही. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये कृष्णविवरांसाठी आणि विल्यम अन्‌रू यांनी १९७६ मध्ये त्वरणित निरीक्षकासाठी काढलेली तापमाने पुंजसिद्धांतातून आलेली आहेत; त्या तापमानाला खरोखरचे कण उत्सर्जित किंवा ग्रहण होतात. येथील तापमान पूर्णपणे अभिजात आहे आणि ते ज्या द्रायूचे आहे त्याला अणुरेणू नाहीत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ही तिन्ही तापमाने एकाच परिच्छेदात मिसळलेली मला अनेकदा सापडली आहेत.

गुरुत्व ‘थंड होते’ असे म्हणतात त्याचा अर्थ काय?

वरच्या गुणाकाराला सोयीसाठी ‘ताप’ म्हणू आणि आठ पाय हा गुणांक त्यातच सामावून घेऊ. द्रायूसोबत चालणाऱ्या घड्याळाने मोजले तर ताप बदलण्याचा दर तीन पदांची बेरीज येतो: तापाचा वर्ग, उणे प्रसरणदर (प्रवाहाचे आकारमान वाढण्याचा दर) गुणिले ताप, आणि फायच्या तरंग-समीकरणातून येणारे स्रोताचे पद. येथील प्रसरणदर तोच, जो कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणात येतो, आणि ज्याच्या आधारे पुढे अवकाशकालातील एकलतांचे, म्हणजे जेथे सिद्धांतच तुटतो अशा जागांचे, प्रमेय उभे राहिले.

स्रोताचे पद शून्य धरले की दोन पदांची ओढाताण उरते. ताप धन आणि प्रसरणदरापेक्षा कमी असेल, तर दुसरे पद वरचढ ठरते, ताप उतरतो आणि गुरुत्व आइन्स्टाइनच्या दिशेने निवत जाते. ताप प्रसरणदरापेक्षा जास्त असेल तर त्याचा वर्ग वरचढ होतो आणि ताप आणखी चढतो. प्रवाह आकुंचन पावत असेल तर दोन्ही पदे ताप वाढवतात. म्हणून कोसळणाऱ्या ताऱ्याच्या पोटात किंवा महास्फोटाच्या एकलतेजवळ अशा सिद्धांतांतले गुरुत्व आइन्स्टाइनपासून फार दूर जाऊ शकते, आणि पसरत जाणाऱ्या विश्वात ते त्याच्या जवळ येऊ शकते.

विद्यार्थ्यांना मी खोलीतल्या कूलरचे उदाहरण देतो. वाळ्याच्या ताट्यांतून हवा ओढली जाते, पाणी बाष्प होताना उष्णता घेते आणि खोली निवते. पण खिडक्या बंद असतील आणि खोलीतच उष्णता निर्माण होत असेल, तर कोणता दर मोठा यावर सगळे अवलंबून असते. येथे प्रसरण निववण्याचे काम करते आणि तापाचा वर्ग स्वतःच्या बळावर तापवतो. उदाहरण यापुढे ताणू नये, कारण कूलर उष्णता बाष्पाच्या रूपाने दुसरीकडे नेतो. येथे ती कुठे जाते याचे तसे उत्तर नाही.

विश्व आइन्स्टाइनच्या सिद्धांताकडे ओढले जाते हा विचार मात्र नवा नाही. तिबो दामूर आणि केनेथ नोर्टव्हेट यांनी १९९३ मध्ये दाखवले होते की अनेक अदिश-प्रदिश सिद्धांतांत विश्वाच्या उत्क्रांतीबरोबर अदिश क्षेत्र अशा मूल्याकडे सरकते, जेथे ते पदार्थापासून जवळपास सुटे होते. ऊष्मागतिकीच्या भाषेने त्या घटनेला समतोलाकडे जाण्याचे रूप दिले, आणि ती घटना कुठे घडणार नाही हेही सांगितले. माझ्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे.

श्यानता ऋण येते असे वाचले. हे ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाला धरून आहे का?

विरूपणाची श्यानता तापाच्या निम्मी आणि ऋण चिन्हाची येते हे खरे आहे. मधासारख्या द्रवात श्यानता प्रवाहाची ऊर्जा खाऊन तिची उष्णता करते. ऋण श्यानता त्याच्या उलट वागेल. पण एन्ट्रॉपी वाढलीच पाहिजे हा आग्रह अलग ठेवलेल्या प्रणालीसाठी असतो, आणि आपला परिणामी द्रायू तसा नाही: आसपास पदार्थ असेल तर फायशी त्याची देवघेव सतत चालू असते आणि परिणामी ऊर्जा-संवेग स्वतंत्रपणे राखला जात नाही. पूर्ण निर्वातात हा बचाव एवढ्या सहज करता येत नाही. मला ही या उपमेची नाजूक बाजू वाटते आणि वर्गात मी ती झाकून ठेवत नाही.

टेड जेकबसन आणि पद्मनाभन यांचे काम हेच का?

भाषा सारखी असली तरी दिशा वेगळी आहे. १९९५ मध्ये जेकबसन यांनी प्रत्येक बिंदूतून जाणाऱ्या स्थानिक क्षितिजांना (ज्यांच्या पलीकडून संदेश येऊ शकत नाही अशा सीमांना) अन्‌रू तापमान आणि क्षेत्रफळाच्या प्रमाणात एन्ट्रॉपी दिली, आणि उष्णता व एन्ट्रॉपी यांच्यातील नेहमीच्या संबंधातून आइन्स्टाइनचे समीकरण मिळवले. म्हणजे आइन्स्टाइनचे समीकरण वायूच्या अवस्था-समीकरणाच्या पंक्तीला बसते. २००६ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत दाखवले की वक्रतेचे फल वापरणाऱ्या सिद्धांतांसाठी असमतोलाची ऊष्मागतिकी लागते. आपल्याकडे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत थनु पद्मनाभन यांनी हा विचार दीर्घकाळ पुढे नेला. २०११ मध्ये त्यांनी प्रकाशसदृश पृष्ठभागावर आइन्स्टाइनचे समीकरण द्रायूंच्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणाचे रूप घेते हे मांडले. त्याचे एक पूर्वरूप कृष्णविवरांच्या क्षितिजासाठी दामूर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिले होते.

जेकबसन यांच्या वाटेने जाताना क्षितिज आणि पुंजसिद्धांत लागतात. फराओनी-जुस्ती यांच्या वाटेने क्षितिज लागत नाही, पण एकार्टचा नियम गृहीत धरावा लागतो. ‘आइन्स्टाइन म्हणजे समतोल, त्याहून वेगळे ते असमतोल’ हा एक विचार मात्र दोन्हींत भेटतो, आणि तो दोन स्वतंत्र बाजूंनी आला आहे म्हणून मला त्याचे वजन वाटते.

पाण्यात कृष्णविवर तयार करतात तो प्रयोगही याच विषयातला आहे का?

तो उलटा प्रवास आहे. येथे गुरुत्वाच्या सिद्धांताला द्रायू समजतात, तर तेथे खऱ्याखुऱ्या द्रायूला अवकाशकाल समजतात. १९८१ मध्ये अन्‌रू यांनी दाखवले की प्रवाहाचा वेग ध्वनीच्या वेगाला ओलांडतो तेथे ध्वनीसाठी क्षितिज तयार होते. पावसाळ्यात अंबाझरी तलाव भरला की सांडव्यावरून पाणी पातळ थराने घसरते, तेथे हे डोळ्यांनी पाहता येते. उथळ पाण्यात लाटेचा वेग म्हणजे गुरुत्व त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. दहा सेंटीमीटर खोलीला तो सेकंदाला सुमारे एक मीटर भरतो. सांडव्याच्या काठाआधी, जेथे पाणी खोल आणि संथ असते, तेथे काडी पडली तर तिचे तरंग वरच्या बाजूलाही पसरतात. उतारावर पाणी त्याहून वेगाने धावते, आणि तेथे उठलेला तरंग कितीही धडपडला तरी मागे तलावाकडे येऊ शकत नाही. त्या दोहोंच्या मधली रेषा म्हणजे लाटांचे क्षितिज. पाण्याच्या अशा क्षितिजाने लाटांचा मार्ग अडतो, पण तलावाचे पाणी आइन्स्टाइनचे समीकरण पाळत नाही, हे विसरू नये.

ही उपमा कुठे लागू पडत नाही?

सर्वांत मोठी अट कालसदृश प्रवणतेची. स्थिर ताऱ्याभोवती फाय केंद्रापासूनच्या अंतरानुसार बदलते आणि काळानुसार बदलत नाही, म्हणून तेथे प्रवणता अवकाशसदृश होते. अवकाशसदृश दिशेला कोणाचाही वेग असू शकत नाही, तेव्हा द्रायूच नाही आणि त्याचे तापमानही नाही. क्षेत्र लंबकाप्रमाणे आंदोलने करत असेल तर प्रत्येक टोकाला ते क्षणभर थांबते, तेथे प्रवणता शून्य होते आणि वेगाची व्याख्या तेवढ्यापुरती तुटते.

दुसरी अडचण चौकटीची. अंतरे मोजण्याचे परिमाण फायने गुणून बदलले, तर त्याच सिद्धांतात फाय गुरुत्वापासून सुटे होते आणि आदर्श द्रायू बनते. उष्णता व श्यानता नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी पदार्थ व क्षेत्र यांच्यात थेट आंतरक्रिया येते. तेव्हा वरील ताप हा सिद्धांताचा नव्हे, तर सिद्धांत अधिक चौकट या जोडीचा गुणधर्म आहे असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

तिसरी गोष्ट एकार्टच्या नियमाची. त्यात उष्णतेचा परिणाम तत्क्षणी पोहोचतो आणि त्याचे समतोल अस्थिर असतात, हे हिस्कॉक आणि लिंडब्लोम यांनी १९८५ मध्ये दाखवले. व्हर्नर इस्रायल आणि जॉन स्टुअर्ट यांचा १९७९ चा सुधारित सिद्धांत यासाठीच वापरतात. आपली पहिल्या क्रमाची ऊष्मागतिकी अजून एकार्टच्या पायरीवर उभी आहे.

१९७४ मध्ये ग्रेगरी हॉर्नडेस्की यांनी मांडलेल्या अधिक व्यापक सिद्धांतांत एकार्टचा साचा सरसकट टिकत नाही. जेथे गुरुत्वलहरी प्रकाशाच्याच वेगाने धावतात त्या गटात तो टिकतो, आणि जी पदे हा वेग बदलतात ती आली की बिघडतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर झालेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण यांच्यात फक्त १.७ सेकंदांचे अंतर होते. त्या एका निरीक्षणाने वेग बदलणारे बहुतेक सिद्धांत बाद केले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया वेधशाळा अशा घटनांची आकाशातील जागा अधिक नेमकी सांगू शकेल, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटू नये यासाठी मी तिचा उल्लेख आवर्जून करतो.

जयंत नारळीकरांचे क्षेत्र या चौकटीत कुठे बसते?

फ्रेड हॉइल आणि नारळीकर यांनी १९६० च्या दशकात पदार्थाच्या निर्मितीसाठी एक अदिश क्षेत्र मांडले, त्याची ऊर्जा ऋण होती. त्याला द्रायू मानले तर घनता आणि दाब दोन्ही सारखेच आणि दोन्ही ऋण येतात, म्हणजे ताठ द्रायूचे चिन्ह बदललेले रूप. ऋण दाबाने विश्व प्रसरत राहावे आणि क्षेत्राच्या ऋण ऊर्जेने पदार्थनिर्मितीचा हिशेब मिटावा, अशी ती योजना होती. ज्यासाठी हे क्षेत्र आणले तो स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धांत, म्हणजे प्रसरण होऊनही विश्व सदैव सारखेच राहते हा विचार, निरीक्षणांपुढे टिकला नाही, पण ऋण दाबाच्या क्षेत्राने प्रसरण चालवण्याची कल्पना आज कृष्णऊर्जेच्या रूपाने सर्वत्र दिसते, आणि ती इतक्या आधी एका मराठी शास्त्रज्ञाने हाताळली होती याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

हाताने करून पाहता येईल असे एखादे गणित सांगाल का?

ब्रान्स-डिकी सिद्धांतातले दाबरहित धुळीचे सपाट विश्व घ्या. तेथे फाय काळाच्या एका घाताने वाढते. घातांक म्हणजे दोन भागिले, ओमेगाची तिप्पट अधिक चार. विकलन घेऊन फायनेच भागले की फायच्या सापेक्ष बदलाचा दर मिळतो: हाच घातांक भागिले विश्वाचे वय. म्हणजे ताप वयाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो.

आता आकडे घाला. कॅसिनी यानाकडून सूर्याजवळून आलेल्या रेडिओ संदेशांच्या मोजणीने २००३ मध्ये ओमेगा ४०,००० पेक्षा मोठा असला पाहिजे असे सांगितले. ४०,००० घेतले तर भाजक १,२०,००४ होतो. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे धरून फायचा सापेक्ष बदल वर्षाला सुमारे १.२ गुणिले दहाचा उणे पंधरावा घात इतका येतो.

शेवटी चिन्ह तपासा, कारण येथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. द्रायूचा वेग भविष्याकडे रोखलेला असला पाहिजे. फाय काळाबरोबर घटत असेल तर आपली व्याख्या तसा वेग देते आणि ताप धन येतो. या विश्वात मात्र फाय वाढते आहे, म्हणून प्रवणतेचे चिन्ह बदलून घ्यावे लागते, आणि तोच बदल उष्णतेच्या प्रवाहात शिरून ताप ऋण करतो. त्याचे निरपेक्ष मूल्य शून्याकडे जातच राहते, पण ते ऋण बाजूने, आणि श्यानतेचे चिन्ह त्याच ओळीत धन होते.